जुनी भाषा, पातळ पुस्तक आणि नवे शहाणपण

संगणकाच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या तरुणांना उपदेश करणारांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. आणि उपदेशक वाढले म्हणजे उपदेशाची किंमत उतरते, हा व्यवहारातला नेहमीचा अनुभव येथेही येत आहे. या उपदेशाचा मथितार्थ थोडक्यात असा : ‘सी’सारखी अर्धशतकापूर्वीची भाषा आता शिकण्यात अर्थ नाही, ती पुस्तक समोर ठेवून, एकट्याने, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत शिकणे हा तर निव्वळ कालापव्यय, ज्याला नोकरी हवी असेल त्याने बाजारात चालणारी नवी भाषा घ्यावी, शिकवणीवर्गाची फी भरावी आणि जेथे अडेल तेथे यंत्राकडूनच लिहून घ्यावे. बंगळूर, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथे राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांच्या घरांत हा विषय नित्याचा आहे. ज्यांची मुले-नातवंडे या धंद्यात आहेत अशी मंडळी हा उपदेश मोठ्या विश्वासाने इतरांच्या मुलांपर्यंत पोचवीत असतात.

हा उपदेश चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर ज्याच्यापाशी पैसा नाही आणि ओळखीही नाहीत अशा विद्यार्थ्याचे त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सकारण मांडावे एवढ्यासाठीच हा लेख.

वाद कशाविषयी आहे हे आधी नीट ठरविले पाहिजे. ‘सी’ ही भाषा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविली. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची ‘बीसीपीएल’, तिच्यावरून रिचींचे सहकारी केन टॉम्पसन यांनी केलेली ‘बी’, आणि ‘बी’च्या उणिवा जाणवल्यावर जन्मलेली ‘सी’, अशी तिची वंशावळ आहे. १९७३ साली ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा गाभा या भाषेत नव्याने लिहिण्यात आला, आणि यंत्र बदलले तरी कार्यप्रणाली बदलावी लागू नये अशी सोय हळूहळू झाली. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची या दोघांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. ते अवघे २२८ पानांचे होते. १९८८ च्या सुधारलेल्या आवृत्तीची पाने २७२ झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत भाषेचे प्रमाणित रूप ठरले, त्यात राखीव शब्द होते ३२. चोवीस तासांत पंडित करण्याचे आश्वासन देणारे आजचे हजार-हजार पानांचे ग्रंथ पाहिले म्हणजे या २७२ पानांतील संयमाचे मोल कळते.

हे पुस्तक अगदी नवशिक्यासाठी नाही, असे त्याच्या कर्त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. मात्र जाणत्या सोबत्याची मदत मिळाल्यास नवशिक्यालाही ते वाचता येईल, अशी पुस्तीही जोडली आहे. ज्याने कधी संगणकाला हातही लावला नाही त्याच्यासाठी आपल्या देशात निराळी पुस्तके झाली, आणि त्यांतले बहुधा सर्वांत अधिक हाताळले गेलेले पुस्तक, ‘लेट अस सी’, नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे आहे. भारतातील कितीतरी अभियंत्यांच्या फळीवर ते एकेकाळी होते आणि पुष्कळांच्या आजही आहे. म्हणजे या वादात मराठी माणसाला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. नवशिक्याला हाताला धरून नेण्याच्या या कामात एका मराठी लेखकाचा वाटा मोठा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, भाषा जुनी झाली. हा आक्षेप करणारे लोक घराच्या पायाला जुना म्हणून नावे ठेवतात आणि वरच्या मजल्यावर राहतात. ज्या ‘पायथॉन’ची आज सर्वत्र वाहवा होते, तिचे सर्वाधिक वापरले जाणारे रूप स्वतः ‘सी’मध्ये लिहिलेले आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला ‘लिनक्स’चा गाभा बव्हंशी ‘सी’मध्ये आहे, आणि जगातील बहुसंख्य मोबाईल ज्या ‘अँड्रॉइड’वर चालतात तिच्या तळाशी तोच गाभा आहे. जी वस्तू आपण रोज खिशात घेऊन हिंडतो तिला कालबाह्य म्हणणे हे धाडसाचे काम आहे.

शिवाय जुन्या गोष्टी आपल्या सोयीने निवृत्त होत नाहीत. युनिक्सच्या परंपरेत वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांनी. हा आकडा दीर्घकाळ ३२ बिटांच्या जागेत ठेवीत आले, आणि त्या जागेत मावणारी मोठ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला तो आकडा ऋण होईल आणि त्या यंत्राच्या समजुतीने १९०१ सालचा डिसेंबर उजाडेल. नव्या यंत्रांत ६४ बिटांची प्रशस्त जागा ठेवून ही अडचण दूर केलेली आहे. परंतु कारखान्यांतून, उपकरणांतून, भिंतीआड बसविलेल्या लहानसहान नियंत्रकांतून जुने प्रोग्रॅम मुकाट चालू असतात. आज जो मुलगा अकरावीत आहे तो त्या दिवशी ऐन उमेदीत असेल. ३२ बिटे म्हणजे काय आणि त्यांतले एक चिन्हासाठी कसे खर्ची पडते, हे त्याला ठाऊक नसेल, तर ती दुरुस्ती करणार कोण? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तथापि उपयुक्ततेच्या या हिशेबावर आम्ही आमची बाजू उभी करीत नाही. उद्या ‘सी’मध्ये लिहिलेला शेवटचा प्रोग्रॅम बंद पडला तरी ती पुस्तकावरून शिकण्याचे मोल उरेलच, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे कळण्यासाठी पुस्तक प्रत्यक्ष काय करते ते पाहावे लागेल.

कर्निगन-रिचींच्या पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम पडद्यावर अभिवादनाचे दोन शब्द उमटवितो. तो आता जगप्रसिद्ध आहे. त्याच्यापाठोपाठ येणाऱ्या पहिल्या स्वाध्यायाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. तेथे विद्यार्थ्याला सांगितले आहे की, हा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवून पाहा. मग त्यातले एकेक अंग गाळून टाक, आणि यंत्र कोणकोणत्या चुका दाखविते ते बघ. अध्यापनाची ही किती धीट रीत आहे! विद्यार्थ्याच्या हाती वस्तू दिल्याबरोबर ती मोडून पाहण्याची परवानगी त्याला दिली आहे. अर्धविराम गाळला तर यंत्र काय म्हणते, कंस गाळला तर काय म्हणते, हे ज्याने पहिल्याच दिवशी पाहिले त्याची यंत्राविषयीची भीती गेली. शिकवणीवर्गात फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत उतरवून घेणाऱ्याला हा दिवस कधी लाभतच नाही.

दुसरा प्रोग्रॅम फॅरनहाइट अंशांचे सेल्सियस अंशांत रूपांतर करणारे कोष्टक छापतो; ० पासून ३०० पर्यंत, वीस-वीस अंशांच्या टप्प्याने. सूत्र शाळेतलेच आहे : ३२ वजा करावे आणि पाच-नवमांशाने गुणावे. विद्यार्थ्याने शाळेच्या सवयीने ‘५ भागिले ९’ हे आधी लिहिले, तर कोष्टकातल्या प्रत्येक ओळीत शून्य उमटते. कारण या भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले असता उत्तरही पूर्णांकच येते. पाचाला नवाने भागल्यावर उरलेला अपूर्णांक छाटला जातो, शून्य उरते, आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच. म्हणून पुस्तकात आधी पाचाने गुणून मग नवाने भागले आहे, आणि तसे का केले हेही तेथेच सांगितले आहे. एवढ्यानेही पुरते भागत नाही. ० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे उणे १७.८ सेल्सियस, कोष्टकात उणे १७ येते. तेव्हा दशांशाच्या संख्या कशा ठेवाव्या हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याच प्रकरणात मिळते.

हे कोष्टक एकट्याने बसून सोडविणाऱ्या मुलाला काय मिळाले? वहीतली संख्या आणि यंत्रातली संख्या या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे ज्ञान. यावर नव्या भाषांचे भक्त म्हणतील की पायथॉनमध्ये ही अडचणच येत नाही. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तेथे पाचाला नवाने भागले की दशांशातले उत्तर मिळते. खरे आहे. पण त्याच पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तरात ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि शेवटी एक ४ येतो. अडचण नाहीशी झालेली नव्हती, तिच्यावर पडदा टाकलेला होता, आणि तो पडदा कधीतरी सरकतोच. ज्याने फॅरनहाइटचे कोष्टक सोडविले आहे तो या चौकाराकडे पाहून थबकेल आणि कारण शोधील. ज्याने ते सोडविलेले नाही तो यंत्राला दोष देईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला काही दिसणारच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो करणारे लोक जाणते आहेत. त्यांचे म्हणणे असे की ‘सी’ ही धोकादायक भाषा आहे. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मेमरीत कोठेही हात घालू देते आणि मर्यादा ओलांडली तरी अडवीत नाही. हे अक्षरशः खरे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ साली सांगितले की कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षादोषांवर इलाज करते त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा गैरवापराचे असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाच्या एका अहवालाने मेमरी सुरक्षित राखणाऱ्या भाषांकडे वळावे असे आवाहन केले. त्याआधी २०१४ साली ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला होता. दोन यंत्रांमध्ये संभाषण चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला काही मजकूर पाठवी आणि त्याची लांबीही सांगे; दुसऱ्याने तोच मजकूर परत पाठवायचा. मजकूर चार अक्षरांचा पाठवून लांबी चौसष्ट हजारांची सांगितली, तर दुसरे यंत्र त्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या मेमरीतला पुढचा सारा ऐवज, त्यात गुप्त किल्ल्या असल्या तर त्यांसकट, पाठवून देत असे. सांगितलेली लांबी आणि खरी लांबी ताडून पाहणारी एक तपासणी राहून गेली होती. आणि ती चूक दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

तेव्हा नवे मोठे काम शक्य तेथे सुरक्षित भाषेत करावे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु एखादी भाषा वापरणे आणि एखादी भाषा शिकणे या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. हार्टब्लीडचे जे वर्णन वर केले ते ‘सी’ची पहिली पाच प्रकरणे वाचलेल्या विद्यार्थ्याला चित्रासारखे दिसते, इतरांना ती केवळ एक भयकथा वाटते. २०१५ साली ज्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली त्या ‘रस्ट’ भाषेत मेमरीच्या मालकीचे कडक नियम आहेत. ज्याने पॉइंटर एकदा चुकीच्या जागी रोखून प्रोग्रॅम कोसळताना पाहिला आहे त्याला ते नियम संरक्षण वाटतात; ज्याने पाहिला नाही त्याला सासुरवास वाटतो.

आणि सुरक्षित भाषा घेतली म्हणजे माणसाची जबाबदारी संपली, असेही इतिहास सांगत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाले. त्यातला प्रोग्रॅम ‘एडा’ या भाषेत होता, आणि एडा विश्वासार्हतेसाठीच घडविलेली भाषा आहे. ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविताना ती मावली नाही. भाषेने इशारा दिला, पण तो ऐकून काही करावे अशी व्यवस्था त्या ठिकाणी ठेवलेली नव्हती. कारण जुन्या एरियान-४ मध्ये ती संख्या एवढी मोठी होतच नसे. सोळा बिटांत किती मावते हा प्रश्न कोणत्याही भाषेत चुकत नाही. तो विचारण्याची सवय लावण्यासाठी विद्यार्थ्याला एकदा तरी अशा भाषेत वावरावे लागते की जेथे तो प्रश्न दुसरे कोणी आपल्या वतीने विचारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा आणि सर्वांत मोहक आहे. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि तेव्हापासून मागाल तो प्रोग्रॅम यंत्र क्षणात लिहून देऊ लागले. मग पुस्तक वाचण्याचे कष्ट कोणी आणि का घ्यावे? या आक्षेपाला आमचे उत्तर पेढीवरच्या व्यवहाराचे आहे. शेटजींनी मुनीम ठेवला म्हणून शेटजींना खतावणी वाचता न येऊन चालत नाही. उलट मुनीम जितका चलाख तितकी ती नीट वाचता येणे अधिक गरजेचे. यंत्राने दिलेल्या प्रोग्रॅममध्ये लांबी ताडून पाहणारी ती एक ओळ आहे की नाही, हे कोण बघणार? यंत्र ज्या लिखाणावर पोसले आहे त्यात उत्तम प्रोग्रॅमही होते आणि सदोषही होते. त्यांतले कोणते आपल्या वाट्याला आले हे ओळखण्याची शक्ती यंत्राबरोबर मिळत नाही. ज्याने स्वतः शंभर लहान प्रोग्रॅम लिहून, मोडून, दुरुस्त केले आहेत त्याच्या हाती हे यंत्र अवजार ठरेल. ज्याने केले नाहीत तो त्या यंत्राचा हमाल होईल : एका बाजूचा माल उचलून दुसऱ्या बाजूला टाकणारा. आणि मुकाट्याने माल उचलणाऱ्यांची गरज धंद्यात सर्वांत आधी संपते, हे सांगायला ज्योतिषी नको.

आक्षेपकांचा समाचार येथवर घेतला. आता आमच्याच बाजूचे म्हणविणारांचा घेणे प्राप्त आहे. कारण जुनी भाषा शिकविण्याचे व्रत घेतलेल्या आपल्या अनेक महाविद्यालयांनी तिचे जे हाल केले आहेत ते पाहून विद्यार्थ्याला तिचा वीट आला तर नवल नाही. बोरलंड कंपनीचे ‘टर्बो सी’ १९८७ साली निघाले. ते त्या काळच्या १६ बिटांच्या यंत्रांसाठी होते आणि त्या काळी उत्तम होते. आजच्या यंत्रावर ते सरळ चालतही नाही. म्हणून नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग उभे करणारा आणखी एक प्रोग्रॅम चढवितात, आणि त्या निळ्या पडद्यावर विद्यार्थ्याला बसवितात. हे आजही अनेक ठिकाणी चालू आहे. तेथे साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२७६७. म्हणून आठपर्यंतच्या अंकांचा गुणाकार ४०३२० यायचा तो उणे २५२१६ येतो. हा खरे तर शिकविण्याजोगा चमत्कार आहे. पण ‘मर्यादा लहान आहे, सोडून द्या’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. ‘गेट्स’ नावाची जी आज्ञा मर्यादा न तपासता मजकूर वाचते, जिच्या आधाराने १९८८ साली मॉरिसच्या कीटकाने हजारो यंत्रे जेरीस आणली, आणि जी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून काढून टाकण्यात आली, तीच आज्ञा प्रात्यक्षिकाच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरविली जात आहे.

परीक्षांची तऱ्हा याहून निराळी. एकाच विधानात एकाच चलाची किंमत दोनदा वाढवावयाची आणि ‘उत्तर काय येईल?’ असे विचारावयाचे, हा परीक्षकांचा लाडका प्रश्न. भाषेचे प्रमाण सांगते की अशा विधानाला निश्चित अर्थच नाही. कोणताही कंपायलर कोणतेही उत्तर देऊ शकतो. कर्निगन-रिचींच्या दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस अशा लिखाणाविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. जे पुस्तकाने निषिद्ध ठरविले त्यावरच गुण मिळतात, आणि पुस्तक वाचणाऱ्याचे गुण जातात! अशा शिक्षणाची आम्ही वकिली करीत नाही. जुनी भाषा जिवंत ठेवणे आणि जुनी भाषा मसाल्यात घालून ठेवणे यांत फरक आहे. १९८७ सालापासूनच ‘जीसीसी’ हा कंपायलर विनामूल्य उपलब्ध आहे. तो सतत सुधारला जातो, जुन्यापुराण्या संगणकावरही चालतो, आणि चूक दाखविताना कारणही सांगतो. जेथे तो वर्ज्य आणि निळा पडदा पूज्य, तेथे विद्यार्थ्याने वर्गातून उठून पुस्तकाकडे जावे हेच श्रेयस्कर.

पुस्तकाचा आम्ही एवढा आग्रह धरतो तो येथेच सार्थ ठरतो. लहान गावातल्या मुलाला चांगला शिक्षक मिळेल की नाही हे त्याच्या हाती नाही. शिकवणीवर्ग मोठ्या शहरात, आणि त्याची फी घरच्या उत्पन्नाला न झेपणारी. अशा मुलाला एक पातळ पुस्तक, एक जुना संगणक आणि एक विनामूल्य कंपायलर एवढ्यावर तोच अभ्यास करता येतो जो न्यू जर्सीतल्या मुलाने केला. हैदराबादेत अबिड्सच्या रस्त्यावर रविवारी मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत असे पुस्तक शोधणारा मुलगा आणि महागड्या वर्गात बसणारा मुलगा हे दोघे कंपायलरपुढे सारखेच. कंपायलर जात विचारीत नाही, शाळेचे नाव विचारीत नाही, इंग्रजी उच्चारांना हसत नाही. ‘हे सारे कालबाह्य आहे’ असे त्या पहिल्या मुलाला सांगणे म्हणजे त्याच्या हातचे एकमेव साधन काढून घेणे होय. ज्यांनी स्वतः याच वाटेने चढून घरे बांधली त्यांनी तरी ही शिडी काढून घेऊ नये.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या पदरी आहे. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. भाषेतले ३२ शब्द इंग्रजी असले म्हणून बिघडत नाही. तबल्याचे बोल पाठ करणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थ कोठे लागतो? अडते ते विवरणात. पाचाला नवाने भागल्यावर शून्य का उरते, हे ज्या भाषेत मुलाने भागाकार शिकला त्याच भाषेत सांगितले तर क्षणात उमजते. मराठीत संगणकाची पुस्तके झालीच नाहीत असे नव्हे. पण त्यांतली बरीच इंग्रजीची उलथापालथ करून केलेली असतात, आणि मूळ इंग्रजी शब्द आठवल्याशिवाय त्यांतली परिभाषा कळत नाही.

मराठीत असे पुस्तक स्वतंत्रपणे का लिहावे याचे एकच उदाहरण देतो. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी किती? मराठी माणूस म्हणेल, न-म-स्का-र, अक्षरे चार. पायथॉन सांगते सात. कारण ती हलन्ताचे चिन्ह आणि काना हे वेगळे मोजते. ‘सी’मधली लांबी मोजणारी आज्ञा, मजकूर यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीने ठेवला असल्यास, सांगते एकवीस, कारण त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. चार, सात आणि एकवीस ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती तशी का, हे ज्या मुलाला कळले त्याला संगणकातले मजकुराचे मर्म कळले, आणि बँकेच्या किंवा रेल्वेच्या पडद्यावर आपले नाव अर्धे का छाटले जाऊ शकते हेही कळले. इंग्रजी पुस्तकात हा स्वाध्याय सापडावयाचा नाही, कारण इंग्रजी शब्दाला तिन्ही पद्धतींनी बहुधा एकच उत्तर येते. परक्याच्या अज्ञानाबद्दल त्याला दोष देण्यात हशील नाही. हा स्वाध्याय आपणच लिहावयाचा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने हे काम करण्याला एक थोर आधार आहे. सावंतवाडी संस्थानात १८६७ साली जन्मलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हैदराबाद, लाहोर, औंध असा प्रवास करीत अखेर गुजरातेतील पारडीला स्थिरावले, आणि संस्कृत शिकण्यासाठी पाठशाळेत जाणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी घरी बसून शिकण्याची पाठमाला लिहिली. आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते स्वाध्याय मंडळ. एका जुन्या भाषेचे दार त्यांनी पुस्तकाच्या किल्लीने सामान्यांना उघडून दिले. संस्कृत हीच संगणकाची आदर्श भाषा, अशा भाबड्या गप्पा मारणारांनी सातवळेकरांकडून घ्यावयाचे असेल तर हे घ्यावे : धडे लहान, पायरी-पायरीने चढणारे, आणि शिकणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारे.

आमची मागणी यास्तव अगदी माफक आहे. परप्रांतांतल्या प्रत्येक मोठ्या शहरात मराठी मंडळ आहे, बहुतेकांपाशी लहानमोठे ग्रंथालय आहे, आणि सभासदांत या धंद्यात केस पिकलेली माणसे आहेत. कर्निगन-रिचींनी ज्या ‘जाणत्या सोबत्या’ची अपेक्षा केली तो सोबती तेथे बसलेलाच आहे, त्याला फक्त मुलांसमोर आणून बसवावयाचे आहे. ग्रंथालयात या पुस्तकाच्या चार प्रती ठेवाव्या, एक जुना संगणक ठेवावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अडलेल्यांसाठी राखावी. दोन-तीन वर्षांत अडलेल्या जागांची जी वही तयार होईल, तीच मराठी स्वयंशिक्षकाची पहिली संहिता ठरेल. गणेशोत्सवात नाट्यगीतांना जेवढा वेळ आणि पैसा आपण देतो त्याच्या दशांशात हे होण्यासारखे आहे.

हे न करता ‘जुने सोडा, नवे घ्या, आणि नव्यातलेही यंत्राकडून करून घ्या’ असे मुलांना सांगत राहणे, हे ‘पी हळद अन् हो गोरी’ या जातीचे शहाणपण आहे. ज्यांना ते पटते त्यांनी आपल्या मुलांना खुशाल सांगावे. ज्या मुलापाशी पुस्तकाखेरीज दुसरे काही नाही त्याच्या कानी मात्र ते घालू नये. त्याला पुस्तक द्यावे, आणि पाचाला नवाने भागल्यावर काय उरते ते त्याचे त्याला पाहू द्यावे.